मराठीच्या आधाराने वेल्श कशी शिकावी : बडोद्यातील हौशी प्रौढांसाठी

नोकरी, परीक्षा किंवा परदेशगमन यांपैकी कोणतेही कारण नसताना, निव्वळ आनंदासाठी एखादी भाषा शिकावी असे पन्नाशीच्या आसपास अनेकांना वाटू लागते. अशा वेळी फ्रेंच किंवा जर्मनकडे वळणारे पुष्कळ असतात. मी मात्र वेल्शचा आग्रह धरीन. ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्समधील ही भाषा केल्टिक शाखेची असून फ्रान्समधील ब्रेटन आणि कॉर्नवॉलमधील कॉर्निश या तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधील तीन वर्षांवरील सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे १७.८ टक्क्यांनी, आपल्याला वेल्श बोलता येते असे नोंदवले. २०५० पर्यंत ही संख्या दहा लाखांवर नेण्याचे धोरण तेथील सरकारने आखले आहे आणि प्रौढपणी भाषा शिकणाऱ्यांना त्या धोरणात मानाचे स्थान आहे. त्यामुळे धडे, ध्वनिमुद्रणे, कोश आणि संभाषणवर्ग यांची नवशिक्यांसाठी उत्तम सोय झालेली असून तिचा बराचसा भाग बडोद्यात घरबसल्या मिळतो.

एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी. ही जवळजवळ सारी साधने इंग्रजी बोलणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली आहेत. त्यांना जे विचित्र वाटते त्याचे त्यांत लांबलचक स्पष्टीकरण असते आणि त्यांना जे सहज जमते ते दोन ओळींत उरकलेले असते. मराठी माणसाच्या अडचणी निराळ्या असतात आणि त्याच्या सोयीही निराळ्या असतात. म्हणून धडा इंग्रजीतून ऐकला तरी वही मराठीत ठेवावी, हा माझा मुख्य सल्ला आहे. नव्या रचनेसमोर तिचे इंग्रजी भाषांतर उतरवून घेऊ नये. तीच गोष्ट आपण घरात मराठीत कशी म्हणतो ते लिहावे. इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय वेल्श शिकणारे लोक जगात आहेतच. १८६५ साली ‘मिमोसा’ नावाच्या जहाजाने सुमारे दीडशे वेल्श माणसे अर्जेंटिनातील पॅटागोनियात जाऊन वसली. तेथील चुबुत प्रांतात आजही वेल्श बोलली जाते आणि नव्याने शिकणारे तेथे स्पॅनिशचा आधार घेतात. १९९७ पासून त्यांना शिकवण्यासाठी वेल्सहून शिक्षकही जात आले आहेत.

बडोद्याच्या मराठी माणसाची तयारी तर आणखी पुढची असते. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या माणसाने घरात मराठी, दुकानात गुजराती आणि रेल्वे स्थानकावर हिंदी अशी अदलाबदल लहानपणापासून केलेली असते. त्यातली गुजराती आपण बोलण्यापुरती शिकलो ती रूपे घोकून शिकलो नाही; ऐकलेले वाक्य तसेच्या तसे उच्चारले, समोरच्याला ते समजले, आणि नियम पुष्कळ नंतर लक्षात आला. वेल्शसाठीही हाच क्रम ठेवावा.

उच्चारांपासून सुरुवात

पहिले तीन आठवडे केवळ उच्चारांना द्यावेत. वेल्श वर्णमालेत २९ अक्षरे आहेत आणि लेखन उच्चाराला इतके धरून आहे की एकदा अक्षरांचे ध्वनी पक्के झाले की अनोळखी शब्दही बहुतेक वेळा बिनचूक वाचता येतो. रोमन अक्षरे पाहिली की इंग्रजी उच्चार ओठांवर येतात, तेवढी सवय मोडावी लागते. ‘डब्ल्यू’ हे अक्षर बहुधा ‘उ’ किंवा ‘ऊ’ असा स्वर असते. ‘यू’चा उच्चार दक्षिणेकडे ‘ई’सारखा होतो. ‘सी’ नेहमी ‘क’ असते. एकेरी ‘एफ’ म्हणजे ‘व्ह’, आणि आपला नेहमीचा ‘फ’ हवा असेल तर ‘एफ’ दोनदा लिहितात. ‘वाय’ हे अक्षर शब्दाच्या शेवटच्या अवयवात, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शेवटच्या तुकड्यात, ‘इ’सारखे आणि त्याआधी ‘अ’सारखे उच्चारतात; डोंगर या अर्थाच्या ‘मनिद़’ या शब्दात दोन्ही जागी ‘वाय’ आहे, पण पहिला उच्चार ‘अ’ आणि दुसरा ‘इ’ असा होतो.

देवनागरीत नसलेल्या चार ध्वनींसाठी वहीत नुक्ता वापरणे सोयीचे पडते, आणि या लेखातही मी तसेच केले आहे. ‘द़’ आणि ‘थ़’ हे आपल्या द आणि थ यांच्या जागेचेच ध्वनी आहेत, पण त्यांत जीभ दातांना घट्ट न टेकता हवा सतत वाहू द्यायची असते. ‘द़’मध्ये कंठ कंपित होतो, ‘थ़’मध्ये होत नाही. ‘ख़’ हा उर्दूतील ‘ख़बर’मधील ध्वनी आहे आणि तो हिंदी ऐकणाऱ्याला परका नाही. खरा कस लागतो तो ‘ल़’चा, जो दोन ‘एल’ जोडून लिहितात. जिभेचे टोक ‘ल’च्या जागी ठेवावे, आवाज बंद करावा आणि जिभेच्या कडेने हवा सोडावी. ‘कोल्हा’मधला ‘ल्ह’ येथे चालत नाही, कारण त्यात आपण आवाज काढतो. दक्षिण वेल्समधील ‘ल़ानेल़ी’ या शहराचे नाव या सरावासाठी उत्तम आहे.

याउलट काही ध्वनी असे आहेत की त्यांसाठी इंग्रज विद्यार्थ्याला घाम गाळावा लागतो आणि मराठी माणसाच्या तोंडात ते जवळजवळ तयारच असतात. म्हैस, न्हाणीघर आणि ऱ्हास हे शब्द म्हणून पाहावेत. वेल्शमध्ये म्ह, न्ह, ऱ्ह यांसारखेच ध्वनी शब्दाच्या आरंभी येतात. फरक एवढाच की आपले ध्वनी सघोष आहेत आणि त्यांचे अघोष, म्हणजे केवळ श्वासाचे. थोड्या ऐकण्याने ते जमतात.

आघाताकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण मराठीत आपल्याला त्याची सवय नसते. वेल्श शब्दात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, सहसा उपांत्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अवयवावर असतो आणि शब्द लांबला की तो पुढे सरकतो. वाचणे या अर्थाच्या ‘दार्ल़ेन’मध्ये जोर ‘दार्’वर आहे, तर ‘वाचले’ या अर्थाच्या ‘दार्ल़ेनोद़’मध्ये तो ‘ल़े’वर जातो. हा सराव मनातल्या मनात होत नाही. सकाळी कमाटी बागेत फिरायला जाणाऱ्यांनी कानात ध्वनिमुद्रण लावून मोठ्याने म्हणत चालावे. वळून पाहणाऱ्यांची पर्वा करू नये.

शब्दांची आद्याक्षरे का बदलतात

वेल्श अवघड म्हणून प्रसिद्ध झाली आहे ती मुख्यतः एका गोष्टीमुळे: शब्दाचे पहिले व्यंजन आधीच्या शब्दानुसार बदलते. वेल्स देशाचे वेल्श नाव ‘कम्री’ आहे, पण ‘वेल्सला’ म्हणताना ‘इ गम्री’, ‘वेल्समध्ये’ म्हणताना ‘अङ् ङ्हम्री’ आणि ‘आणि वेल्स’ म्हणताना ‘आ ख़म्री’ होते. इंग्रजीतील पुस्तके येथे तक्ते देतात आणि विद्यार्थी तेथेच थबकतो. शाळेत संधी शिकलेल्या माणसाने थबकण्याचे कारण नाही. वाक् आणि ईश मिळून वागीश होते, तेव्हा क चा ग झालेला असतो. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होते, तेव्हा त्याच क चा ङ झालेला असतो. जगदीशमध्ये त् चा द् आणि जगन्नाथमध्ये त्याच त् चा न् होतो. वेल्शमधील मृदू बदल आणि अनुनासिक बदल यांची दिशा नेमकी हीच आहे: क चा ग किंवा ङ्ह, त चा द किंवा न्ह, प चा ब किंवा म्ह. आपल्याकडे आधीच्या शब्दाचे शेवटचे व्यंजन बदलते, त्यांच्याकडे पुढच्या शब्दाचे पहिले बदलते, हा भेद ध्यानात ठेवला की पुरे.

कारणही संधीचेच आहे. प्राचीन काळी आधीच्या शब्दाच्या शेवटी स्वर होता आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले व्यंजन मऊ झाले. कालांतराने तो स्वर झिजून गेला, पण त्याने घडवलेला बदल मागे राहिला. म्हणूनच आजच्या बोलणाऱ्याला बदलाचे कारण शब्दात दिसत नाही आणि विशिष्ट शब्दांनंतर तो होतो एवढेच शिकावे लागते.

हा बदल शोभेचा नाही, तो अर्थही वाहतो. मांजराला ‘काथ़’ म्हणतात. माझे मांजर ‘व्ह ङ्हाथ़’, तुझे मांजर ‘द गाथ़’. ‘त्याचे’ आणि ‘तिचे’ या दोहोंसाठी बोलताना ‘इ’ असा एकच उच्चार होतो. मांजर त्याचे असेल तर ‘इ गाथ़’ आणि तिचे असेल तर ‘इ ख़ाथ़’. मालक पुरुष की स्त्री, हे येथे मांजराच्या पहिल्या अक्षरावरून कळते.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम फक्त मृदू बदल घ्यावा, कारण तो सर्वांत जास्त ठिकाणी येतो. त्यात प, त, क यांचे ब, द, ग होतात; ब आणि म या दोहोंचा व्ह होतो; द चा द़ होतो; ‘ल़’ आणि ‘ऱ्ह’ यांचे साधे ल आणि र होतात; आणि ग चक्क नाहीसा होतो, म्हणजे बाग या अर्थाच्या ‘गार्द़’ची ‘द आर्द़’, तुझी बाग, होते. अनुनासिक बदल मुख्यतः ‘माझे’ आणि ‘मध्ये’ या दोन अर्थांच्या शब्दांनंतर येतो, तेव्हा तेवढ्या दोन जागी तो लक्षात ठेवावा. तिसरा बदल, ज्यात क चा ख़ होतो, बोलताना अनेक वेल्श माणसेही अर्धामुर्धाच पाळतात, म्हणून त्याची घाई नको. तक्ता पाठ करण्यापेक्षा जोड्या पाठ कराव्यात: ‘व्ह न्हाद’, माझे वडील, ‘द दाद’, तुझे वडील. वेल्सच्या राष्ट्रगीताचे ‘हेन व्लाद व्ह न्हादाइ’ हे शीर्षक तोंडपाठ केले तर दोन बदल कायमचे बसतात: देशवाचक ‘ग्वलाद’मधला ग गेला आहे आणि वडील या अर्थाच्या ‘ताद’मधल्या त चा न्ह झाला आहे. याच गीताच्या चालीवर मेघालयातील खासी लोकांचे गीतही गायले जाते, कारण १८४१ साली चेरापुंजीला पोहोचलेले टॉमस जोन्स आणि त्यांच्यामागून आलेले मिशनरी वेल्सचे होते. खासी भाषेला रोमन लिपी देण्याचे काम टॉमस जोन्स यांनीच आरंभले.

आणखी दोन सूचना. कोश पाहताना बदललेल्या अक्षराखाली शब्द सापडत नाही, तेव्हा मूळ अक्षर कोणते असेल याचा उलटा विचार करण्याची सवय लावून घ्यावी. आणि बदल चुकला म्हणून वाक्य अडत नाही. समोरच्या वेल्श माणसाला अर्थ जवळजवळ नेहमीच समजतो. सगळे बदल येईपर्यंत गप्प बसण्याचे ठरवले तर बोलण्याचा दिवस कधीच उजाडत नाही.

बडोद्याबद्दलही येथेच सांगून टाकतो: नियम काटेकोर लावला तर ‘बडोद्यात’ म्हणताना ‘अम् मडोदा’ म्हणावे लागेल. परकीय गावांच्या नावांना मात्र हा नियम सहसा लावत नाहीत.

वाक्यरचना मराठीशी ताडून पाहावी

वेल्श वाक्यात क्रियापद आधी येते. ‘माइर व्हेर्ख़ अन दार्ल़ेन’ म्हणजे शब्दशः ‘आहे मुलगी वाचत’. मराठीत क्रियापद शेवटी असले तरी ‘झाली सकाळ’, ‘गेला तो दिवस’ असे आपण बोलतोच, त्यामुळे कान बिचकत नाही. जीभ वळायला मात्र वेळ लागतो. म्हणून सुरुवातीचे वाक्य स्वतःच्या आयुष्यातले घ्यावे आणि त्याचा एकेक भाग बदलत जावा. ‘दु ईन दस्गी कम्राइग’, म्हणजे मी वेल्श शिकत आहे. ‘दु ईन बुइता सेव उसळ’, म्हणजे मी सेव उसळ खात आहे. मे महिन्यात ‘माइ हीन बोइथ़’, फार गरम आहे, हे वाक्य बडोद्यात दिवसातून अनेकदा म्हणता येते.

यापुढे मराठीचा आधार फारच कामाचा आहे. एखादी वस्तू आपल्यापाशी असणे यासाठी वेल्शमध्ये स्वतंत्र क्रियापद नाही. ‘माइ गेन इ गाथ़’ याची रचना थेट ‘माझ्याकडे मांजर आहे’ अशी आहे. शब्दयोगी अव्यये सर्वनामांशी एकजीव होतात: ‘आर्ना इ’, ‘आर्नात ति’, ‘आर्नी ही’, म्हणजे माझ्यावर, तुझ्यावर, तिच्यावर. सर्दी झाली तर ती वेल्श माणसाच्या ‘अंगावर’ असते. तू आणि तुम्ही यांचा भेद ‘ती’ आणि ‘ख़ी’ या सर्वनामांत आहे आणि तो वय, नाते, ओळख पाहून आपण पाळतो तसाच पाळला जातो. होकार देण्यासाठी बहुतेक वेळा प्रश्नातले क्रियापदच परत करतात. ‘कॉफी आहे का?’ याला ‘ओइस’, म्हणजे ‘आहे’, असे उत्तर येते. भूतकाळासाठी सोपी वाट हवी असेल तर ‘केले’ या अर्थाचे रूप पुढे ठेवून कोणतीही क्रिया जोडता येते. ‘व्नेस इ द़ार्ल़ेन’ हे ‘मी वाचन केले’ या धर्तीचे वाक्य आहे. लिंगे दोनच असल्याने नपुंसकलिंगाचा प्रश्न उरत नाही.

संख्यांवर फार वेळ घालवू नये. नवी पद्धत इतकी सरळ आहे की सत्याहत्तर म्हणजे ‘साइथ़ देग साइथ़’, सात दहा सात. जुनी पद्धत विसांची आहे, आपल्याकडच्या ‘तीन विसा’सारखी, आणि ती घड्याळात व तारखांत अजून ऐकू येते, तीत अठराला ‘दोन नव’ अशा अर्थाचे रूप आहे. ती पुढे केव्हातरी शिकावी.

शब्दसंग्रह वाढवताना दूरच्या नात्याचा उपयोग होतो. ‘त्री’ म्हणजे तीन, ‘नाउ’ म्हणजे नऊ, ‘दांत’ म्हणजे दात, ‘मीस’ म्हणजे महिना. त्रि, नव, दंत, मास हे त्यांचे संस्कृत आप्त आहेत. १७८६ साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या एका उगमाचा विचार मांडणाऱ्या सर विल्यम जोन्स यांचे वडील वेल्समधील अँगलसी बेटावरचे होते. वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह १७०६ मध्ये या वडिलांनीच प्रथम वापरले.

रोजचा अभ्यास आणि साधने

रोज अर्धा तास पुरतो. रविवारी तीन तास बसण्याने ते काम होत नाही. त्यातला मोठा भाग ऐकून बोलण्याचा असावा. ‘से समथिंग इन वेल्श’ हा अभ्यासक्रम पूर्णपणे ऐकून लगेच बोलण्यावर बेतलेला आहे आणि लिहिण्याचा कंटाळा असलेल्या प्रौढांना मी तोच प्रथम सुचवीन. ‘ड्युओलिंगो’वर २०१६ पासून वेल्श आहे, शब्द आठवणीत ठेवण्यासाठी ते चांगले, पण आद्याक्षरे का बदलतात हे त्यावरून उमगत नाही. सर्वांत व्यवस्थित मार्ग म्हणजे वेल्समधील राष्ट्रीय वेल्श शिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम. त्याची पहिली पायरी ‘मनेद्याद’, दुसरी ‘सल्व्हाइन’. स्वतः करण्याचे सराव आणि महाजालावरील थेट वर्ग दोन्ही तेथे आहेत.

थेट वर्ग निवडताना घड्याळ पाहावे. वेल्सचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असते. तेथील सायंकाळी सातचा वर्ग बडोद्यात मध्यरात्रीच्या सुमारास पडतो आणि थोड्याच दिवसांत सोडावासा वाटतो. सकाळी दहाचा वर्ग मात्र आपल्याकडे दुपारी अडीच किंवा साडेतीनला येतो; निवृत्त माणसाला यापेक्षा सोयीची वेळ मिळणार नाही.

अभ्यासक्रम उत्तरेचा की दक्षिणेचा, असे नोंदणीच्या वेळी विचारले जाईल. दुधाला उत्तरेत ‘ल़ेव्ह्रिथ़’ आणि दक्षिणेत ‘ल़ाइथ़’ म्हणतात, ‘आत्ता’साठी वेगळे शब्द आहेत, काही रूपेही वेगळी आहेत. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे समजून घेतात. नवशिक्याने कोणतीही एक बाजू घ्यावी आणि पहिल्या वर्षी ती बदलू नये. ‘यू’चा उच्चार सोपा असल्यामुळे मी दक्षिणेकडे झुकतो.

तीन-चार महिन्यांनंतर ‘एस फोर सी’ या वेल्श दूरचित्रवाहिनीचे कार्यक्रम यूट्यूबवर पाहावेत. ही वाहिनी १९८२ मध्ये मोठ्या लोकआंदोलनानंतर सुरू झाली. तिचा ‘किउ’ हा लहान मुलांचा विभाग प्रौढ नवशिक्यासाठी फार उपयोगी आहे, कारण तेथे वाक्ये छोटी, स्पष्ट आणि पुन्हा पुन्हा येणारी असतात. बालकांचे म्हणून ते टाळू नये. शब्द शोधण्यासाठी वेल्स विद्यापीठाचा मोठा ऐतिहासिक कोश महाजालावर विनामूल्य पाहता येतो. वाचनाची गोडी असणाऱ्यांनी पायरीनुसार लिहिलेल्या छोट्या पुस्तकांपासून आरंभ करावा आणि कवितेकडे सावकाश वळावे. ऑगस्टच्या आरंभी दरवर्षी वेगळ्या गावी भरणाऱ्या राष्ट्रीय ‘आइस्तेद़्व्होद’ या महोत्सवात छंदोबद्ध दीर्घकवितेसाठी कवीला सन्मानाचे आसन देतात. साहित्य संमेलनाची ओढ असलेल्या मराठी वाचकाला त्याचे प्रक्षेपण, भाषा निम्मी समजली तरी, आवडेल.

प्रत्यक्ष वेल्श माणसाशी बोलण्याची वेळ आली की एक अडचण हमखास येते. समोरची व्यक्ती आपले अडखळणे पाहून, सौजन्याने, इंग्रजीवर जाते. आपल्या घरी गुजराती शेजारी आले की आपण सगळे न सांगता गुजरातीवर जातो, त्यामुळे हे सौजन्य आपल्याला चांगले कळते. पण शिकणाऱ्याचे त्यात नुकसान आहे. अशा वेळी इंग्रजीत उत्तर देऊ नये. ‘दु ईन दस्गी’, मी शिकतो आहे, एवढे सांगावे आणि ‘अन आराव्ह, ओस ग्वेलुख़ अन द़ा’, कृपया सावकाश, असे म्हणून आपले अर्धे राहिलेले वाक्य पुन्हा वेल्शमध्येच सुरू करावे. ही दोन वाक्ये पहिल्याच आठवड्यात पाठ करून ठेवावीत. बहुतेक माणसे त्यानंतर वेल्शवर परततात, वेग कमी करतात आणि आपण शब्द शोधत असताना थांबतात.